बुधवारी कापूस, रविवारी बरं, पुन्हा बुधवारी कापूस: नागपुरात ॲक्सोलॉटलचं पिल्लू पाळताना परत परत येणारा त्रास

ॲक्सोलॉटल म्हणजे बेडकासारखा, पण जन्मभर पाण्यातच राहणारा उभयचर. त्याच्या पिल्लाच्या कल्ल्यांवर पांढरा कापूस आला, औषध टाकलं, चार दिवसांत गेला आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा आला. तुमच्याकडे हेच चाललं असेल तर औषधाची बाटली आधी बाजूला ठेवा आणि पाण्यात थर्मामीटर बुडवा. तो कापूस म्हणजे बुरशी. तिचे बीजाणू जवळपास प्रत्येक टँकमध्ये असतात आणि धडधाकट पिल्लाला ते शिवत नाहीत. पिल्लू आधी कशानं तरी खचतं, मग बुरशी धरते. ते 'कशानं तरी' शोधायला मला पाच महिने लागले. तुम्हाला तेवढे लागू नयेत म्हणून हे सगळं लिहिते आहे.

पिल्लू आत्ता आजारी असेल तर आज रात्रीच हे करा. आठ-दहा लिटरचा स्वच्छ, साबण न लागलेला प्लॅस्टिकचा टब घ्या. त्यात क्लोरीन काढलेलं पाणी भरा आणि पिल्लू त्यात ठेवा. सुरुवातीला त्या पाण्याचं तापमान टँकमधल्या पाण्याएवढंच हवं. मग झाकण घट्ट लावलेली, गोठवलेली पाण्याची बाटली टबात सोडून हळूहळू खाली आणा, तासाला एक-दोन अंशांपेक्षा वेगानं नाही. १८ अंशांपर्यंत आलं की पुरे. टबावर जाळी आणि अर्ध्या भागावर कापड टाका, कारण याला पापण्या नसतात आणि उजेड सोसत नाही. रोज सगळं पाणी बदला, नवं पाणीही क्लोरीन काढलेलं आणि टबातल्या पाण्याएवढंच गार असू द्या. कापूस चिमट्यानं ओढायचा नाही, त्याबरोबर कल्ल्याचे धागे तुटतात.

एवढं झालं की पिल्लाला श्वास घ्यायला उसंत मिळते आणि तुम्हाला विचार करायला.

आमच्या घरी काय झालं

मी मानेवाड्यात तिसऱ्या मजल्यावर राहते, डोक्यावर थेट गच्ची. फेब्रुवारीत भाच्याच्या हट्टापायी हे पिल्लू घरात आलं. सात सेंटिमीटर लांब, अंग पांढरट गुलाबी, आणि मानेच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे तीन-तीन लालभडक कल्ले. पोह्यांवर ओतलेल्या तर्रीचा असतो तसा रंग, म्हणून भाच्यानं नावच तर्री ठेवलं. पुढे तोच रंग मला रोज सकाळी सगळ्यात आधी सगळं सांगायला लागला.

शेजारच्या काकूंनी पहिल्यांदा पाहिलं आणि विचारलं, "काऊन वो, हे पाल हाय का मासोळी?" दोन्ही नाही. हा सॅलमँडर, म्हणजे बेडकासारखा उभयचर. पण बेडूकमाशाचा बेडूक होतो तसं याचं होत नाही. कल्ले आयुष्यभर बाहेरच राहतात आणि तो जन्मभर पाण्यातच राहतो. नीट सांभाळला तर दहा-पंधरा वर्षं. निसर्गात तो मेक्सिको सिटीजवळच्या सोचिमिल्कोच्या कालव्यांतच उरला आहे, तोही नामशेष होण्याच्या काठावर. ते कालवे समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर आहेत. आपलं चिखलदरा त्याच्या जेमतेम निम्म्या उंचीवर आहे आणि नागपूर तर ३१० मीटरवर. तिथलं पाणी बारा महिने गार असतं. म्हणून याला १६ ते १८ अंश मानवतं, २० पर्यंत चालतं, २२ च्या वर त्रास सुरू होतो आणि २४ च्या वर तो रोज थोडा थोडा खचत जातो.

विकत घेताना मला यातलं कुणी सांगितलं नव्हतं. दुकानात उत्तर मिळालं, "काही नाही होत ताई, गोल्डफिशसारखंच ठेवा." फेब्रुवारीत खरंच काही झालं नाही. रात्री गार असायच्या आणि टँकमधलं पाणी २१ च्या आसपास राहायचं. मार्चच्या मध्यावर पहिल्यांदा कल्ले फिके दिसले, टोकं पुढे वाकलेली, शेपटीचं टोक मुडपलेलं. दोन दिवसांनी कापूस. मी औषध आणलं, बरं वाटलं, आणि पुढच्या आठवड्यात तेच. असं तीनदा झालं.

मग मी एक वही केली. सकाळचं, दुपारचं आणि रात्रीचं तापमान, खाल्लं की नाही, कल्ल्यांचा रंग, आणि त्या दिवशी मी टँकला काय केलं. हा शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा निघाला. तीन आठवड्यांची पानं शेजारी शेजारी ठेवली तर सोमवारी खाणं कमी, मंगळवारी कल्ले फिके, बुधवारी कापूस. आणि प्रत्येक सोमवारच्या आधी रविवार, म्हणजे माझा टँक साफ करायचा दिवस.

रविवारची साफसफाई

मी खूप मनापासून साफ करायची. अर्धं पाणी काढायची आणि नळाचं भरायची. स्पंज फिल्टर नळाखाली धरून, पिळून पिळून, स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवायची. यात दोन चुका होत्या आणि दोन्ही पिल्लाच्या जिवावर येणाऱ्या.

पहिली, गच्चीवरची काळी टाकी. मार्चच्या शेवटी दुपारी बाराच्या सुमारास नळाच्या पाण्यात थर्मामीटर धरला तर ३४ अंश. मे महिन्यात त्याच नळाला हात लावला तर चटका बसतो. म्हणजे दर रविवारी मी २३-२४ अंशांच्या पाण्यात निम्मं कढत पाणी ओतत होते.

दुसरी चूक स्पंजची. पिल्लाच्या विष्ठेतून, त्याच्या कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. स्पंजमध्ये वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिले दोन विषारी, तिसरं बरंच सौम्य. हे जिवाणू म्हणजे टँकचं विरजण आहे. महापालिकेच्या क्लोरीनच्या पाण्याखाली स्पंज धुतला की विरजण गटारात गेलं, मग दही कशाचं लागणार? मंगळवारी टेस्ट किटचे थेंब टाकून पाहिलं तर अमोनिया ०.५ पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत अर्धा भाग). तो शून्यच हवा. 'थोडा आहे' असं याच्या बाबतीत चालत नाही.

आणि या दोन चुका एकमेकींना बळ देतात. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो आणि त्यातलं एकच जास्त विषारी. पाणी १८ अंशांवरून ३० वर गेलं की त्या विषारी रूपाचा वाटा दुपटीहून जास्त होतो. पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल की अल्कधर्मी याचं माप, ७ वरून ८ वर गेला तर जवळजवळ दहापट. आमच्या सोसायटीत पेंचच्या पाण्यात बोअरचं पाणी मिसळतात आणि त्याचा पीएच ८ च्या जवळ येतो. हे जड, म्हणजे क्षार जास्त असलेलं पाणी ॲक्सोलॉटलला तसं मानवतं, नुसतं आरओचं पाणी उलट वाईट. पण अशा पाण्यात अमोनिया उरू देणं परवडत नाही. शिवाय पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. पिल्लू सारखं वर येऊन हवा गिळत असेल तर हेही एक कारण असतं.

आता मी पाणी आदल्या रात्री झाकलेल्या बादलीत भरून घरात ठेवते आणि त्यात क्लोरीन काढायचं सोडियम थायोसल्फेटचं औषध टाकते. अशी औषधं घेताना लेबल वाचा, कोरफड असलेली नकोत, ती माशांसाठी असतात. एका वेळी पाव टँकपेक्षा जास्त पाणी बदलत नाही. स्पंज फक्त टँकमधून काढलेल्या जुन्या पाण्यात दोनदा हलकाच दाबते. तो तपकिरी दिसतो, दिसू द्या.

टँक नवाच असेल तर हे विरजण लागायला चार ते आठ आठवडे लागतात. तोपर्यंत पिल्लू टबात आणि टँक रिकामा चालू, असं करणं सगळ्यात सुरक्षित. मात्र रिकाम्या टँकमधल्या जिवाणूंनाही खाणं लागतं. त्यासाठी चिमूटभर माशांचं खाद्य रोज टाकून कुजू द्यायचं. ओळखीच्या कुणाचा निरोगी, जुना टँक असेल तर त्यांच्या फिल्टरच्या स्पंजचा तुकडा मागून आणा, बरेच दिवस वाचतात.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापासून बुधवारचा कापूस बंद झाला.

मधेच एक चकवा

एप्रिलमध्ये तर्रीनं पुन्हा खाणं सोडलं. वही पाहिली, तापमान ठीक, अमोनिया शून्य, कल्ले लाल. पण गांडूळ तोंडात घ्यायचा आणि लगेच थुंकायचा. मी घाबरून पुन्हा औषधाकडे वळणार होते, तेवढ्यात लक्षात आलं की त्या आठवड्यात गांडुळं नवीन होती. ओळखीच्यांच्या संत्र्याच्या बागेतून, गांडूळखताच्या बेडमधून आणलेली. खताची ती बारीक लाल गांडुळं त्रास झाला की कडवट, पिवळसर द्रव सोडतात आणि बरेच ॲक्सोलॉटल ती थुंकतात. अंगणातल्या ओल्या मातीतली साधी गांडुळं दिली तर लगेच खाल्ली. तुमच्याकडे लाल गांडुळंच मिळत असतील तर काही सेकंद गरम पाण्यात बुडवून, धुऊन, बारीक कापून देऊन पाहा. फवारणी झालेल्या शेतातली किंवा कुंडीतली मात्र अजिबात नको.

सात-आठ सेंटिमीटरच्या पिल्लाला रोज खायला लागतं. गोठवलेले ब्लडवर्म (डासासारख्या माशीच्या लाल अळ्या) किंवा कापलेलं गांडूळ, डोक्याच्या रुंदीपेक्षा मोठा तुकडा नाही. अर्ध्या तासात खाल्लं नाही तर मोठ्या ड्रॉपरनं उचलून टाका. आणि टँकच्या तळाला खडे असतील तर आजच काढा. हा तोंड उघडून खाणं आत ओढतो, खडेही आत जातात आणि आतडं बंद होतं. तळ मोकळाच बरा.

मे महिन्यात जमलं, जुलैत बिघडलं

याबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे, कारण इथे आपल्या नागपूरच्या हवेचा संबंध येतो आणि बाहेरच्या माणसांचे सल्ले इथे कमी पडतात.

एप्रिलच्या शेवटी मी टँकवर छोटा पंखा लावला, पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा येईल असा. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं, माठाचं पाणी गार होतं त्याच कारणानं. बाहेर ४३ अंश आणि हवा कोरडी ठणठणीत. पाणी २५ वर थांबलं. हे काही चांगलं तापमान नाही, पण त्यावर गोठवलेल्या दोन बाटल्या आलटून पालटून टाकून मी २२ पर्यंत आणत होते. मला वाटलं, सुटलं.

पाऊस सुरू झाला, बाहेरचं तापमान ३० वर आलं आणि मी निर्धास्त झाले. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तर्रीचे कल्ले पुन्हा पुढे वाकले, रंग उतरला, चार दिवसांत कापूस. वहीत पाहिलं तर टँक २८ अंशांवर. पंखा तोच, टँक तोच, बाहेर तेरा अंशांनी गार, आणि पाणी मे महिन्यापेक्षा गरम.

कारण असं की पंखा पाण्याला हवेतल्या कोरडेपणाच्या जोरावर गार करतो. ४३ अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल तर पंख्यानं पाणी फार तर २४-२५ पर्यंत येऊ शकतं. ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर २८ च्या खाली येऊच शकत नाही. कूलर जुलैत चिकचिक करतो आणि गार करत नाही, हे आपल्या प्रत्येकाला माहीत आहे. टँकवरचा पंखा म्हणजे छोटा कूलरच आहे, एवढंच माझ्या लक्षात आलं नव्हतं.

त्याचाच दुसरा भाग म्हणजे उन्हाळ्यात कूलरच्या खोलीत टँक ठेवून वर पंखा लावला तर दुप्पट गारवा मिळेल असं वाटतं. मिळत नाही. कूलरनं खोलीतल्या हवेचा कोरडेपणा आधीच वापरलेला असतो. खोली ३० वर येते, पण पाणी पुन्हा तेवढ्यावरच थांबतं, २४-२५. नुसत्या कूलर-पंख्यावर नागपूरचा उन्हाळा या पिल्लाला निभावत नाही, हे मी आता ठामपणे सांगते. बाटल्यांवर भार टाकला तर तापमान दिवसातून तीनदा वरखाली होतं आणि ती वरखालीही त्याला खचवते. ज्या दिवशी तुम्हाला ऑफिसातून यायला उशीर होतो, त्या दिवशीचं काय?

एसीच्या खोलीत मात्र चित्र बदलतं. एसी हवा गार करतो तशी कोरडीही करतो, त्यामुळे तिथे पंख्याला पुन्हा काम मिळतं. आमच्या बेडरूममध्ये एसी २४ वर आणि टँकवर पंखा, एवढ्यावर पाणी २० अंशांवर येतं, तेही भर पावसाळ्यात. एसी १८ वर लावायची गरज पडली नाही. दिवसभर एसी चालवणं शक्य नसेल तर कंप्रेसरचा चिलर, म्हणजे टँकचं पाणी गार करायचं यंत्र, हाच मार्ग, आणि तो टँकपेक्षा बराच महाग असतो. कंप्रेसर नसलेले छोटे, स्वस्त कूलिंग बॉक्स घेऊ नका. ते खोलीच्या तापमानापेक्षा जेमतेम काही अंश खाली आणतात आणि ४० अंशांच्या खोलीत त्याचा उपयोग नाही. चिलरही मोकळ्या हवेत ठेवा, त्याच्या मागून निघणारी गरम हवा बाहेर जायला हवी.

पंखा लावला की पाणी रोज उडतं आणि क्षार मागे राहतात. बोअरचंच पाणी वरून भरत गेलात तर दोन-तीन महिन्यांत पाणी फार जड होतं. उडालेलं पाणी तेवढं आरओचं भरा, आठवड्याला बदलायचं पाणी नेहमीचं. पंख्यासाठी झाकण काढलं असेल तर वर जाळी बांधा, हा उडी मारू शकतो.

अवकाळीची वीज

मे-जूनमध्ये वादळ आलं की आपल्याकडे वीज जाते. एसी बंद होतो ते सगळ्यांना दिसतं, पण एअर पंपही बंद होतो, आणि स्पंज फिल्टरमधून पाणी तोच ओढतो. स्पंजमधून पाणी वाहिलं नाही तर काही तासांत तिथले जिवाणू गुदमरून मरायला लागतात, आणि दोन दिवसांनी पुन्हा अमोनिया. एकदा आमच्याकडे रात्रभर वीज नव्हती आणि तिसऱ्या दिवशी ०.२५ दिसला. आता एअर पंप इन्व्हर्टरच्या लायनीवर आहे. इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवरचा पंप घेऊन ठेवा. फ्रीजरमध्ये चार बाटल्या मेपासून ऑक्टोबरपर्यंत कायम गोठलेल्या असू द्या.

औषधांबद्दल थोडं

माशांची बुरशीची औषधं सरसकट टाकू नका. उभयचराची कातडी पातळ असते आणि पाण्यात जे असेल ते आत ओढते. तांबं किंवा मॅलॅकाइट ग्रीन असलेली औषधं त्याला घातक आहेत. मिठाच्या पाण्यात बुडवण्याचा उपाय सगळे सांगतात. तो लागू पडतो, पण लहान पिल्लाचे कल्ले मिठानं भाजतात, म्हणून पशुवैद्याला विचारल्याशिवाय मी करत नाही. मी टबात देशी बदामाचं गळून वाळलेलं पान टाकते, रस्त्यावरच्या धुळीतलं नव्हे, स्वच्छ जागेतलं, धुतलेलं. पाणी चहासारखं तपकिरी होतं आणि त्यातल्या टॅनिननं सौम्य बुरशी आटोक्यात राहते. पिल्लू फ्रीजमध्ये ठेवायचा सल्लाही तुम्हाला कुणीतरी देईल. २८ अंशांतून थेट ६-७ अंशांत गेलेल्या पिल्लाला तो धक्काच पुरेसा असतो. घरच्या घरी करू नका.

कल्ल्याचे झडलेले धागे परत येतात, एवढा दिलासा नक्की देते. हा प्राणी तुटलेला पायसुद्धा पुन्हा उगवतो. तर्रीचे डाव्या बाजूचे धागे जुलैत जवळजवळ गेले होते. पाणी २० वर टिकल्यावर पाच-सहा आठवड्यांत आधी गुलाबी कोंब दिसले, मग लाली चढली.

अजून पिल्लू घेतलं नसेल आणि घरात एसी किंवा चिलरची सोय नसेल, तर कळकळीनं सांगते, घेऊ नका. घेतलंय आणि जमत नाही, असं असेल तर गार टँक असलेल्या कुणाला तरी द्या. अंबाझरीत किंवा फुटाळ्यात सोडणं म्हणजे त्याला मारणं आहे. कागदपत्रांचंही बघा. ॲक्सोलॉटल हा साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट २ मधला प्राणी आहे. वन्यजीव कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा जिवंत प्राण्यांची नोंदणी करावी लागते, ती केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर होते. खरेदीची पावती जपून ठेवा आणि दुसऱ्याला देतानाही नोंद बदला.

इतकं करूनही कापूस परत आला, किंवा पिल्लू दोन दिवस उलटं तरंगतं आहे, अंगावर लाल चट्टे आहेत, आठवडाभर खात नाही, तर पशुवैद्याकडे न्या. सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे चौकशी करा. नेताना टबातल्याच पाण्यात, झाकलेल्या डब्यात, बाजूला बर्फाची बाटली कापडात गुंडाळून न्या, आणि उन्हं चढायच्या आधी निघा. डॉक्टरांना असो की कुणा अनुभवी माणसाला, विचारताना एवढं लिहून द्या: पिल्लाची लांबी, सकाळचं आणि दुपारचं तापमान, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पीएच, टँक किती लिटरचा आणि किती जुना, शेवटचं पाणी कधी आणि किती बदललं, स्पंज कशात धुतला, काय खायला देता, आणि टँक असलेल्या खोलीत कूलर आहे की एसी.